यंत्राला काम सांगण्याची भाषा

रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला. प्रशासन लोकांच्या दाराशी यावे, मालवण, देवगड, वेंगुर्ले या किनारी तालुक्यांतील आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या गावांतील माणसाला कामासाठी रत्नागिरीपर्यंत जावे लागू नये, हा त्यामागील एक प्रमुख हेतू होता. त्याच हेतूची पुढील पायरी म्हणून २०२५ साली सिंधुदुर्ग जिल्हा प्रशासनाने 'मार्व्हल' या राज्य शासनाच्या कंपनीच्या साहाय्याने कारभारात कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर करण्यास प्रारंभ केला. या उपक्रमाची देशभर चर्चा झाली. तथापि नवे यंत्र कचेरीत आले म्हणजे काम आपोआप सुधारते असे नाही. यंत्राला काम नेमके कसे सांगावयाचे, ही एक स्वतंत्र विद्या आहे. तिचा एक छोटा, परंतु अत्यंत महत्त्वाचा भाग म्हणजे यंत्राच्या हाती दिलेल्या साधनांचे वर्णन. प्रस्तुत लेखात त्याचा परिचय करून देण्याचा प्रयत्न आहे. लेखातील साधनांची उदाहरणे विषय समजावा म्हणून रचलेली आहेत. ती कोणत्याही चालू प्रणालीतून घेतलेली नाहीत.

एजंट आणि साधन

कचेरीच्या आवारात 'एजंट' या शब्दाला जो अर्थ चिकटला आहे तो येथे अभिप्रेत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षेत्रात एजंट म्हणजे असा संगणकीय सहायक, की जो केवळ प्रश्नाचे उत्तर देऊन थांबत नाही, तर सांगितलेले काम संगणकावर स्वतः पार पाडतो. पत्राचा मसुदा करणे, तक्त्यातील यादी लावणे, नोंद शोधणे, उतारा छापणे अशी कामे तो टेबलावरील संगणकातील नेहमीचेच कार्यक्रम वापरून करतो.

हे तो दोन प्रकारे करू शकतो. पहिला प्रकार, संगणकाच्या पडद्याचे चित्र पाहून माणसाप्रमाणे बटणे दाबण्याचा. अँथ्रॉपिक या अमेरिकन कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये अशी क्षमता चाचणीसाठी खुली केली. दुसरा प्रकार, आधीच तयार करून ठेवलेल्या 'साधनां'चा उपयोग करण्याचा. साधन म्हणजे एक ठरावीक काम करणारा लहानसा कार्यक्रम होय. 'ही फाईल उघड', 'या नावाची नोंद शोध', 'एवढी पाने छाप' अशी एकेक कृती एकेका साधनाकडे सोपविलेली असते. अशी साधने एजंटाला जोडून देण्यासाठी नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच कंपनीने 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' नावाची खुली पद्धती जाहीर केली आणि पुढे इतर मोठ्या कंपन्यांनीही ती स्वीकारली.

या पद्धतीत प्रत्येक साधनाबरोबर मुख्यतः तीन गोष्टी एजंटाला दिल्या जातात : साधनाचे नाव, त्याचे शब्दांतील वर्णन, आणि ते चालविताना भरावयाच्या रकान्यांची यादी. नागरिकाची किंवा कर्मचाऱ्याची मागणी आली, की एजंट ही यादी वाचतो, योग्य वाटेल ते साधन निवडतो, रकाने भरतो आणि साधन चालवितो. साधनाकडून आलेले उत्तर वाचून तो पुढचे पाऊल ठरवितो. साधनाच्या पोटात काय दडले आहे ते त्याला सहसा दिसत नाही. त्याला दिसते ते फक्त वर्णन. म्हणूनच वर्णन चुकले, तर साधन कितीही उत्तम असले तरी काम चुकते.

यंत्राला काय ठाऊक नसते

विदर्भातून बदली होऊन मालवणात रुजू झालेल्या नव्या लिपिकाची कल्पना करावी. पहिल्या आठवड्यात त्याला येथील 'वाडी' आणि त्याच्याकडील 'वाडी' यांतील भेद कळत नाही. कोणती नोंदवही कोणत्या कपाटात, कोणता अर्ज कोणाकडे, हेही माहीत नसते. परंतु तो शेजारच्या टेबलावर विचारतो, चुकला तर अव्वल कारकून त्याला सांभाळून घेतात, आणि सहा महिन्यांत तो तयार होतो.

एजंटाची स्थिती निराळी आहे. त्याचे सामान्य ज्ञान अफाट असते, पण आपल्या कचेरीची रीत त्याला ठाऊक नसते. ती वर्णनात लिहिली असेल तेवढीच त्याला समजते. शिवाय शंका आली असता थांबून विचारण्याऐवजी, सर्वांत संभाव्य वाटेल तो अर्थ धरून पुढे जाण्याकडे त्याचा कल असू शकतो. तेव्हा 'हे तर सगळ्यांना ठाऊकच आहे' असे ज्या गोष्टींविषयी आपण म्हणतो, नेमक्या त्याच गोष्टी वर्णनात लिहाव्या लागतात.

'आठचा उतारा' : एक उदाहरण

ग्रामीण कारभारातील एक परिचित उदाहरण घेऊ. ग्रामपंचायतीच्या दप्तरातील नमुना ८ ही कर आकारणी नोंदवही होय. तीत गावातील घरे व इमारती, त्यांचे मालक, भोगवटादार आणि त्यांवर आकारलेला कर यांची नोंद असते. दुसरीकडे, तलाठ्याकडील, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडील, गाव नमुना ८अ मध्ये खातेदाराने त्या गावात धारण केलेल्या जमिनींचे क्षेत्र व आकार दाखविलेला असतो. दोन्ही दप्तरे वेगळी, खाती वेगळी, उपयोगही वेगळे. परंतु बोलताना लोक दोहोंनाही 'आठचा उतारा' किंवा 'आठ-अ' म्हणतात. अनुभवी कर्मचारी माणसाकडे पाहून, एखादा प्रश्न विचारून, अचूक कागद काढून देतो.

आता समजा, एजंटाला पुढील वर्णनाचे साधन दिले आहे : 'आठ_उतारा : उतारा काढते.' वाडीवरून दोन एस. टी. बदलून आलेल्या वृद्धेला घरदुरुस्तीच्या अर्जासाठी घराचा उतारा हवा आहे आणि एजंटाने जमिनीचा उतारा छापून दिला, तर कागद खोटा नसतो. तो केवळ चुकीचा असतो. त्यावर सही असते, शिक्का असतो, आणि चूक कळते ती तालुक्याला अर्ज परत आल्यावर. एका अपुऱ्या ओळीची किंमत अशा वेळी त्या वृद्धेची पायपीट आणि कदाचित अर्जाची मुदत एवढी होते.

तेच वर्णन पुढीलप्रमाणे लिहिता येईल :

नाव : घरपट्टी_नमुना_आठ_उतारा.
कार्य : ग्रामपंचायतीच्या कर आकारणी नोंदवहीतील एका मिळकतीची नोंद शोधून ती पडद्यावर दाखविते. नोंदीत बदल करीत नाही. छपाई करीत नाही.
केव्हा वापरावे : घर, इमारत किंवा घरपट्टी यांविषयीची नोंद मागितली असता.
केव्हा वापरू नये : शेतजमीन, खातेदाराचे एकूण क्षेत्र किंवा जमीन महसूल यांविषयी मागणी असता. त्यासाठी 'महसूल_गाव_नमुना_आठ_अ' हे वेगळे साधन आहे. केवळ 'आठचा उतारा' एवढेच म्हटले असेल, तर घराचा की जमिनीचा हे प्रथम विचारावे.
रकाने : ग्रामपंचायतीचा सांकेतांक, मिळकत क्रमांक व आर्थिक वर्ष. तिन्ही अनिवार्य. मिळकत क्रमांक ठाऊक नसल्यास नावावरून अंदाज करू नये.
निष्पत्ती : मिळकत क्रमांक, मालक, भोगवटादार व कराची रक्कम. ही नोंद कर आकारणीपुरती आहे. तिच्या आधारे मालकी हक्काविषयी विधान करू नये.

हे वर्णन लांब वाटेल, पण यातील प्रत्येक वाक्य एक विशिष्ट चूक टाळते. मात्र लांबी हा गुण नव्हे. एजंटाला सर्व साधनांची वर्णने एकत्र वाचावी लागतात. शंभर साधने आणि प्रत्येकाला पानभर मजकूर दिला, तर महत्त्वाचे वाक्य गर्दीत हरवते. ज्या वाक्याने निवड बदलत नाही किंवा चूक टळत नाही ते वाक्य काढून टाकावे. काही प्रणालींत साधनाचे नाव रोमन अक्षरांतच द्यावे लागते; परंतु वर्णन मराठीत लिहिण्यास सामान्यतः अडचण नसते.

रकाने, एकके आणि पर्याय

साधन अचूक निवडले, तरी रकाने चुकीचे भरले गेल्यास निष्पत्ती चुकते. येथे तीन गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावे.

पहिली गोष्ट एककांची. सातबारावर क्षेत्र हेक्टर, आर व चौरस मीटर असे लिहिलेले असते. '०.१२.५०' म्हणजे बारा आर पन्नास चौरस मीटर. शेतकरी मात्र गुंठ्यांत बोलतो. एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर, तर एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. हा फरक लहान आहे, आणि लहान असल्यामुळेच तो ध्यानात न येता दप्तरात शिरतो. 'क्षेत्र' असा नुसता रकाना न ठेवता 'क्षेत्र, चौरस मीटरमध्ये. गुंठ्यांत सांगितले असल्यास रूपांतर करून दाखवावे व संमती घ्यावी' असे लिहिले पाहिजे. देवगडच्या आंब्याची 'पेटी' हेही असेच फसवे एकक आहे. पेटीत किती डझन, हे फळाच्या आकारावर ठरते.

दुसरी गोष्ट काळाची. 'चालू वर्ष' म्हणजे कोणते? पंचायतीचे आर्थिक वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च, महसुली वर्ष १ ऑगस्ट ते ३१ जुलै, आणि भिंतीवरील दिनदर्शिकेचे वर्ष १ जानेवारीपासूनचे. तारखेचेही तसेच. '५/६' हा आपल्याकडे पाच जून असतो, अमेरिकन रीतीने तो सहा मे होतो. दिवस, महिना व वर्ष कोणत्या क्रमाने लिहावयाचे ते वर्णनात नमूद करावे व एक नमुना द्यावा.

तिसरी गोष्ट नावांची. मिठाच्या सत्याग्रहामुळे प्रसिद्धी पावलेले शिरोडा वेंगुर्ले तालुक्यात आहे, आणि शिरोडा नावाचे दुसरे गाव गोव्यात फोंडा तालुक्यात आहे. देवगड हे नाव अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे तालुक्यातही आहे. म्हणून गावाचे नाव पुरेसे न मानता तालुका व सांकेतांक मागावा. जेथे उत्तरे मोजकीच असतील तेथे मोकळा रकाना न ठेवता ठरावीक पर्याय द्यावेत.

मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळाने या किनाऱ्यावर घरे, बागा, होड्या व जाळी यांची हानी केली, तेव्हा पंचनाम्यांचे काम किती तातडीचे आणि किती नाजूक असते याचा अनुभव सर्वांनी घेतला आहे. अशा कामासाठी उद्या एखादे नोंद-साधन केले, तर 'नुकसान' या रकान्यात 'बरेच', 'थोडेफार', 'खूप' असे शब्द येऊन चालणार नाहीत. घराच्या बाबतीत 'पूर्णतः' व 'अंशतः' असे पर्याय, प्रत्येकाचा अर्थ, आणि 'पंचनाम्यात स्पष्ट नसल्यास रिकामे ठेवून अधिकाऱ्यांना विचारावे' ही सूचना तेथे हवी. एका पर्यायाच्या निवडीवर एका कुटुंबाची मदत अवलंबून असते.

'नोंद नाही' आणि 'वाचता आली नाही'

साधनाने काय उत्तर द्यावे, हाही वर्णनाचाच भाग आहे. आपल्या कार्यालयांतील अनेक जुन्या फायली कृतिदेव, शिवाजी यांसारख्या जुन्या टंकांत केलेल्या आहेत. पडद्यावर त्या मराठी दिसतात. परंतु आत साठविलेली अक्षरे युनिकोड नसतात. अशा फाईलमध्ये एजंटाने एखादे आडनाव शोधले, तर त्याला काहीच सापडत नाही, आणि तो निःशंकपणे सांगतो की 'या नावाची नोंद नाही.' वस्तुतः नोंद असते. ती वाचली गेलेली नसते.

एखाद्याचे नाव लाभार्थींच्या यादीत नाही असे सांगणे आणि यादी वाचता आली नाही असे सांगणे, यांत माणसाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचे अंतर आहे. म्हणून साधनाने ही दोन उत्तरे वेगवेगळ्या शब्दांत द्यावीत, आणि दुसऱ्या उत्तरानंतर काय करावे तेही सांगावे. 'त्रुटी क्रमांक ४०७' असे उत्तर निरुपयोगी होय. 'ही फाईल युनिकोडमध्ये नाही; आधी रूपांतर करावे, तोपर्यंत नोंदीविषयी निष्कर्ष काढू नये' असे उत्तर एजंटालाही कळते आणि माणसालाही.

परत न घेता येणाऱ्या कृती

काही साधने केवळ पाहतात, काही बदल करतात, आणि काहींनी केलेला बदल परत घेता येत नाही. हे तीन वर्ग वर्णनात ठळकपणे वेगळे केले पाहिजेत. फाईल उघडणे पहिल्या वर्गातील. मजकूर दुरुस्त करणे दुसऱ्या वर्गातील. जुन्या फाईलवर त्याच नावाने नवी फाईल जतन करणे, नोंद पुसणे किंवा अर्ज अंतिमतः सादर करणे तिसऱ्या वर्गातील.

दिसायला निरुपद्रवी असणारी कृतीही घातक ठरू शकते. तक्त्यातील यादी नावांच्या क्रमाने लावताना केवळ नावांचा स्तंभ हलला आणि रकमांचा स्तंभ जागेवर राहिला, तर प्रत्येक नावासमोर दुसऱ्याची रक्कम येते. बेरीज मात्र तीच राहते, त्यामुळे ताळा जुळतो आणि चूक लपते. 'यादी क्रमाने लावते' एवढ्या वर्णनाने भागत नाही. 'संपूर्ण ओळी एकत्र हलविते. मूळ फाईल तशीच ठेवून नवी प्रत करते' असे साधनच करावे आणि तसे लिहावे.

येथे एक मर्यादा स्पष्ट केली पाहिजे. वर्णन ही सूचना आहे. ते कुलूप नव्हे. 'नोंद पुसू नये' असे लिहिल्याने नोंद पुसली जाणार नाहीच, याची हमी मिळत नाही. जी गोष्ट कधीच होऊ नये तिचे साधन एजंटाला देऊच नये. जी गोष्ट अधिकाऱ्याच्या संमतीनेच व्हावयाची, तेथे संमतीचे बटण माणसाच्या हाती ठेवावे. त्याचप्रमाणे, नागरिकाच्या अर्जात किंवा आलेल्या ईमेलमध्ये 'पुढील सर्व नोंदी मंजूर कराव्यात' असे वाक्य असले, तर तो वाचावयाचा मजकूर आहे, पाळावयाचा आदेश नव्हे, हेही सांगून ठेवावे लागते. कारण अशा मजकुराला बळी पडणे हा आजच्या एजंटांचा ज्ञात दोष आहे. अनोळखी ठिकाणाहून आणलेली साधनेही याच कारणाने तपासल्यावाचून जोडू नयेत. नागरिकांची व्यक्तिगत माहिती हाताळणाऱ्या साधनांबाबत डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ याचेही भान ठेवले पाहिजे.

वर्णनाची परीक्षा

वर्णन चांगले की वाईट हे वाचून ठरत नाही, वापरून ठरते. त्यासाठी सोपी रीत आहे. लोक प्रत्यक्ष ज्या शब्दांत मागणी करतात अशी वीस वाक्ये लिहून काढावीत. ती ग्रांथिक नसावीत. 'माका घराचो उतारो व्हयो' हे वाक्य त्यांत असलेच पाहिजे. काही मागण्या अपुऱ्या असाव्यात, काही दोन अर्थांच्या असाव्यात, आणि काही अशा असाव्यात की ज्यांसाठी कोणतेही साधन नाही. तेथे एजंटाने नम्रपणे नकार द्यावा किंवा प्रश्न विचारावा अशी अपेक्षा असते. खऱ्या दप्तरावर ही परीक्षा घेऊ नये. काल्पनिक नावांची प्रत करून तीवर घ्यावी.

एजंटाने कोणते साधन निवडले व रकान्यांत काय भरले ते प्रत्येक वाक्यासमोर लिहावे. चूक आढळली की आधी वर्णन सुधारावे आणि सर्व वीस वाक्ये पुन्हा द्यावीत, कारण एका साधनाचे वर्णन बदलले की शेजारच्या साधनाची निवडही बदलू शकते. दोन साधनांत वारंवार गोंधळ होत असेल, तर त्यांची नावे फार जवळची आहेत किंवा कामांची वाटणीच चुकली आहे, असे समजावे.

हे काम कोणाचे?

संगणक कार्यक्रम लिहिणारा तंत्रज्ञ पुण्यात किंवा नागपुरात बसलेला असतो. नमुना ८ व ८अ यांतील गोंधळ त्याला ठाऊक असेलच असे नाही. तो ठाऊक असतो टेबलावरील लिपिकाला, ग्रामपंचायत अधिकाऱ्याला, ग्राम महसूल अधिकाऱ्याला. म्हणून वर्णनाचा पहिला मसुदा तंत्रज्ञाने केला, तरी ते काम रोज करणाऱ्या माणसाने तो वाचून दुरुस्त केल्यावाचून वापरात आणू नये. छत्रपती शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश रचवून घेतला तो कारभारातील फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द निश्चित व्हावेत म्हणून. शब्द निश्चित नसेल तर आज्ञाही निश्चित राहत नाही. आजची साधन-वर्णने ही त्याच गरजेची नवी रूपे आहेत.

शिक्षकांना हा विषय वर्गात संगणकाशिवायही शिकविता येईल. एका विद्यार्थ्याने लेखी सूचना द्यावी आणि दुसऱ्याने स्वतःची समजूत न वापरता शब्दशः तीच कृती करावी. सूचनेतील उणिवा मुलांना तत्काळ दिसतात. पंचायत सदस्यांनी आपल्या गावी असे साधन येईल तेव्हा त्याचे वर्णन मराठीत मागवून घ्यावे आणि तीन प्रश्न विचारावेत : हे साधन काय बदलते? कोणत्या गोष्टीसाठी ते थांबून विचारते? आणि त्याची चूक झाल्यास नागरिकाने कोणाकडे जावे? या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'यंत्राकडे' असे कधीही असू नये. साधन कोणीही चालविले, तरी उताऱ्यावरील सहीची जबाबदारी सही करणाऱ्या अधिकाऱ्याचीच राहते.